रक्तातला जंतू आणि परकी झालेली लेक

आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे, मोर्शीहून थोडं आत. लग्न होऊन मी अकोल्याहून इथे आले तेव्हापासून माझे हात याच कामात आहेत. आधी जंबेरी या रानटी लिंबाची रोपं वाढवायची, मग त्यांच्या खोडाला चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. जंबेरीला काटे असतात. ते आम्हा सगळ्यांनाच रुततात, त्याचं कोणी काही मनावर घेत नाही. त्या हिवाळ्यात माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी एक काटा मोडला. मी तो सुईनं काढला, हळद दाबली आणि पुढच्या रोपाकडे वळले.

त्या काट्यातून जंतू आत गेला, रक्तात पसरला आणि माझं डोकं फिरलं. त्याला सेप्सिस म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. जे घडलं ते मी इथे सांगते आहे. यातला बराच भाग मला आठवत नाही, तो माझ्या माणसांनी सांगितलेला आहे. जो आठवतो तो बराचसा खोटा आहे, म्हणजे तसं काही घडलंच नव्हतं. तरी तोही सांगते, कारण दवाखान्याच्या पलंगावर पडलेलं तुमचं माणूस जेव्हा भलतंसलतं बोलू लागेल, तेव्हा ते आतून काय पाहत असेल याची तुम्हाला थोडी कल्पना यावी.

पट्टी

हात सुजला. आधी मनगट, मग कोपरापर्यंत. माझे यजमान वसंतराव म्हणाले, "दवाखान्यात चाल." मी म्हटलं, उतरेल. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ताप आला तर लगेच अमरावती गाठा असं बजावलं. ताप त्याच संध्याकाळी आला, असा की चार गोधड्या टाकूनही दात वाजत होते.

सकाळी वसंतराव चहा घेऊन आले तेव्हा मी जमिनीवर बसून खाटेच्या पायाला कलमाची पट्टी गुंडाळत होते.

"काय करून राहिली तू?"

"बोलू नका," मी म्हणाले म्हणे. "कलम सुकून जाईन."

त्यांना वाटलं तापात आहे. त्यांनी मला उठवायला हात धरला, तर मी पदर सावरून अगदी आदबीनं विचारलं, "तुमी कोन गावचे?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना असं काही ऐकावं लागलं नव्हतं. मग त्यांनी शेजारच्याची गाडी मागितली आणि मला तसंच उचलून मागच्या सीटवर टाकलं.

निदान

अमरावतीला पोचेपर्यंत त्यांची खात्री झाली होती की मला लकवा मारला. आमची लेक पूनम तिथेच हॉस्टेलला राहून फार्मसी शिकते. ती धावत आली. ब्लडप्रेशर लागत नव्हतं, लघवी झाली नव्हती, आणि शुगर इतकी वाढलेली निघाली की डॉक्टरांनी विचारलं, "यांना मधुमेह आहे हे कधीपासून माहीत आहे?" आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

आयसीयूच्या डॉक्टर मॅडमनी दोघांना बाहेर बसवून समजावलं. "हातातला जंतू रक्तात गेलाय. आता शरीर त्याच्याशी लढतंय, पण ही लढाई हाताबाहेर गेली की आपल्याच अवयवांना मार बसतो. यांच्या किडनीला बसलाय आणि मेंदूला बसलाय."

"म्हंजे डोक्यात जंतू गेला का?" वसंतरावांनी विचारलं.

"नाही. डोक्याचा फोटो साफ आहे. जंतू तिथे नाही, तरी रक्तातल्या गोंधळानं मेंदूचं काम बिघडलंय. म्हणून त्या ओळखत नाहीत."

"मंग ओळखंन का?"

"बहुतेक. आधी जीव वाचवू."

हे 'बहुतेक' वसंतरावांनी किती वेळा मनात घोळवलं असेल, देव जाणे. त्याच दिवशी माझा हात उघडून आतला पू काढला. अँटिबायोटिक सुरू झालं. नाकाला ऑक्सिजन, मानेत सुई, लघवीची नळी. पूनम बाहेरच्या बाकावर बापाचा हात धरून बसली होती. तिला माहीत होतं ते त्यांना सांगावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. फार्मसीच्या पुस्तकात सेप्सिसबद्दल जे लिहिलेलं असतं, ते आईसाठी वाचायचं नसतं.

मी काय पाहत होते

मी संत्र्याच्या मंडीत होते. माझ्या लेखी आयसीयू वगैरे काही नव्हतंच. एक मोठी शेड होती, कायम दिवे चालू, आणि तिथे माणसांची छाटणी चालली होती. पांढऱ्या कपड्यातली माणसं येत, एकेकाचं डोळा-तोंड बघत, हात दाबून पाहत आणि काहीतरी बोलून पुढे जात. बाजूला पेट्या रचलेल्या होत्या. चांगली निघालेली माणसं कागदात गुंडाळून त्या पेट्यांत घालत होते, बाहेर दिल्लीचा ट्रक उभा होता. मला कळत होतं की माझा हात सडलाय, म्हणून मला बाजूला टाकलंय. ओरडावं तर आवाज निघत नव्हता, आणि निघाला तर कोणी वळून बघत नव्हतं.

यातली भीती मला आजही नीट सांगता येत नाही. स्वप्नातून माणूस जागं होतं. मी जागीच होते.

आणि तिथे एक पोरगी सारखी यायची. आखूड केसांची. तिनं माझ्या पुनीचा चेहरा घातला होता. आवाजही तिचाच चोरला होता. ती "आई, आई" करायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. मला खात्री होती की हिनं माझ्या पुनीला कुठल्या तरी पेटीत घातलंय.

एकदा ती माझ्या तोंडावरून ओला कपडा फिरवायला वाकली. मी तिचं मनगट पकडलं आणि नखं रुतवली.

"चोट्टी! माही पुनी कुठं लपवली?"

"आई, मीच हाय पुनी."

"तू नाई! तू तिचं तोंड चोरलं!"

त्यानंतर मी मानेतली सुई ओढायला गेले. माझे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधावे लागले. वसंतराव काचेतून बघत होते. ते बाहेर जाऊन जिन्यात उभे राहिले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

दादाचा डबा

माझा मोठा भाऊ अकोल्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. जळालेली मोटर खोलायची, तार भरायची, चालू करून द्यायची. असा माणूस आयसीयूच्या बाहेर नुसता बसणं कठीण. तो आला, मला काचेतून पाहिलं, आणि त्यानं मोबाईल उघडला. संध्याकाळपर्यंत त्याला सगळं समजलं होतं.

"जवाईबापू, सेप्सिसमंदी डोकं कावून बिघडते मालूम हाय का? शरीरात गंज धरते. त्याच्यावर अँटिऑक्सिडंट पायजे. व्हिटॅमिन सी. हे लोक देऊन राहिले का?"

"मले काय माहीत, भाऊ."

"काय माहीत म्हंजे? इचारा!"

वसंतराव एवढंच म्हणाले, "संत्र्याच्या बगिच्यात राहते ते. तिले व्हिटॅमिन सी कमी पडलं असंन?" आणि त्यांना हसू फुटलं, आणि त्या हसण्याचंच रडू झालं.

दुसऱ्या दिवशी दादा एक डबा घेऊन आला. कोण्या ओळखीच्याकडून आणलेली पावडर, वर कापलेल्या संत्र्याचं चित्र. भेटीच्या वेळेत चमच्यानं पाण्यात कालवून मला पाजायचा त्याचा बेत होता. पूनम आडवी आली.

"मामा, नाई. आईले नीट गिळता येऊन नाई राहिलं. ठसका लागला तर पानी फुफ्फुसात जाईन."

"तू अजून शिकूनच राहिली. डॉक्टर नाई झाली."

"म्हूनच म्हंते, डॉक्टरले इचारू."

"इचारत बसा! तिकडे माही बहीन लोकायले चोट्टे म्हनून राहिली!"

"लोकायले नाई, मामा," पूनम म्हणाली. "मले म्हनून राहिली."

तिच्या मनगटावरचे ओरखडे दादानं तेव्हा पाहिले.

मग तिघं डॉक्टर मॅडमकडे गेले. त्या बाईंबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो त्या दिवशीच्या बोलण्यामुळे. त्यांनी डबा हातात घेतला, नीट वाचला आणि दादाला हसल्या नाहीत.

"तुम्ही वाचलंय ते अगदीच चूक नाही," त्या म्हणाल्या. "जंतूंशी लढताना शरीर काही घातक कण तयार करतं. ते जंतूंना मारतात तसे आपल्या पेशींनाही इजा करतात, आणि मेंदू त्यात नाजूक. त्या कणांना आवरणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. विचार पटण्यासारखा आहे. म्हणून व्हिटॅमिन सी, अ‍ॅसिटिलसिस्टीन, मेलाटोनिन अशी बरीच औषधं लोकांनी करून पाहिली. कुठे फायदा झाला असं वाटलं, कुठे काहीच झालं नाही. व्हिटॅमिन सी शिरेतून मोठ्या मात्रेत दिल्यावर नुकसान झालेलंही दिसलंय."

"म्हंजे द्याचं का नाई?" दादानं विचारलं.

"मोठी मात्रा मी देणार नाही. त्यांची किडनी आधीच थकलेली आहे. थायमिन आम्ही देतोय, कारण त्यांच्या पोटात नीट अन्न नाही, आणि ते कमी पडलं तर मेंदू आणखी बिघडेल. संध्याकाळी मेलाटोनिन देऊन पाहू. त्यानं झोपेची घडी बसली तर चांगलंच. तेही अँटिऑक्सिडंट आहे, पण त्यानं मेंदू ताळ्यावर येईल असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही."

"मंग तुमाले माहीत काय हाय?" दादाचा आवाज चढला.

"पू निघालाय. अँटिबायोटिक लागू पडतंय. काल लघवी झाली. यावर माझा भरवसा आहे."

वसंतराव म्हणाले, "मॅडम, तुमाले जे माहीत हाय ते करा. जे माहीत नाई ते माह्या बायकोवर करू नका."

दादा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

चष्मा

एक सिस्टर होती, चांदूर रेल्वे गावची. ती पाळीवर आली की प्रत्येक वेळी माझ्याजवळ येऊन सांगायची, "मावशी, तुमी अमरावतीच्या दवाखान्यात हाय. हाताले जखम झाली. आज मंगळवार हाय, सकाळ हाय. बाहेर ऊन पडलं." मी तिला शिव्या द्यायचे. ती पुन्हा पुढच्या वेळी तेच सांगायची, जणू पहिल्यांदाच.

तिनंच एकदा पूनमला विचारलं, "तुमच्या आईच्या नाकावर वळ दिसते. चष्मा लावतात का?"

चष्मा! गडबडीत तो मोर्शीला खाटेखालीच राहिला होता. चष्म्याशिवाय मला हातभर अंतरावरचं माणूस धूसर दिसतं. वसंतराव त्याच पावली एसटीनं घरी गेले आणि घेऊन आले. पूनम म्हणते, तो तिनं माझ्या नाकावर चढवला तेव्हा मी चावेन अशी तिला भीती होती.

हे मात्र मला स्वतःला आठवतं. पेट्या गेल्या. त्यांच्या जागी औषधांच्या ट्रॉलीचे कप्पे होते. समोर भिंतीवर घड्याळ होतं. खिडकी होती, तिच्याबाहेर कडुलिंबाची फांदी. आणि माझ्या अगदी जवळ एक चेहरा, खूप रडून सुजलेला. त्या चेहऱ्याच्या हनुवटीवर लहानपणी पाळण्यातून पडल्याची खूण होती. ही खूण चोराला कुठून मिळणार, असं मी मनाशी म्हटलं.

"पुने," मी म्हणाले, "केस कोनाले इचारून कापले?"

तिनं दिवाळीनंतर हॉस्टेलला परतल्यावर केस कापले होते आणि घरी सांगितलं नव्हतं. ती रडत रडत हसली. सिस्टर धावत आली, तिला वाटलं मी पुन्हा नखं मारली.

यानंतर मी बरी झाले असं वाटेल. तसं झालं नाही. त्याच संध्याकाळी मी पुन्हा मंडीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा वेळ परत आले. असं पुष्कळ दिवस येणंजाणं चाललं, पण मंडीतला मुक्काम आखूड होत गेला. पुढे कधीतरी मी मॅडमना विचारलं, "मला नेमकं कशानं बरं वाटलं? त्या गोळीनं, इंजेक्शननं, की चष्म्यानं?"

त्या म्हणाल्या, "पू निघाला नसता तर बाकी कशाचाच उपयोग झाला नसता. त्यापुढे कशाचा किती वाटा, हे मला खरंच सांगता येणार नाही."

अकोला

हाताची ड्रेसिंग रोज करायची होती, म्हणून सुटी मिळाल्यावर दादाच्या घरी राहिले. तिथे एक दवाखाना त्याच्या गल्लीतच आहे.

लोक भेटायला येत, "आता चांगली दिसते वो तू" म्हणत. मी चांगली दिसत होते. पण गॅसवर दूध ठेवून विसरत होते. 'चाळणी' म्हणायचं असेल तर हातानं चाळल्यासारखं करून दाखवत होते. टीव्हीवर दोन माणसं भराभर बोलली की मला काही कळेना, आणि चिडून मी तो बंद करायचे. नर्सरीतला कामाचा क्रम मनात म्हणून बघायचे, तो मधेच तुटायचा. मग न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. अर्धं डोकं तिकडेच राहिलं की काय, हे विचारायचं कोणाला?

वहिनीला न सांगता कळलं. तिनं एक सूप पुढ्यात ठेवलं. "हे तुरीची दाळ निवडून दे. घाई नाई." दुसऱ्या दिवशी मेथी. मग लसूण. चुकलं तर ती काही न बोलता पुन्हा निवडायची, माझ्यासमोर नाही, आत जाऊन. एकदा मी ते पाहिलं. राग यायला हवा होता, आला नाही.

दादाचा डबा तिथेच फळीवर होता. एका दुपारी त्यानं तो काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "घेऊन तर पाय."

"दादा, तुले खरंच वाटते का यानं होईन?"

"मोटर जळाली तर मी खोलतो. तुह्यात मले काहीच खोलता येत नव्हतं. त्या काचेबाहेर निस्ता उभा राहात होतो. म्हून आनला डबा."

मी त्याचा हात धरला. पुढच्या तपासणीला अमरावतीला गेलो तेव्हा आम्ही तो डबा मॅडमना पुन्हा दाखवला. त्या म्हणाल्या, किडनी पूर्ण सावरेपर्यंत असलं काही नको, आणि नंतरही गरज नाही. जेवण नीट, शुगर ताब्यात, चालणं आणि झोप. वहिनीनं पावडर फेकली, डबा घासला आणि त्यात जवसाची चटणी भरली.

पूनम सुटीच्या दिवशी यायची. तिच्या मनगटावर एक बारीक पांढरी रेघ राहिली होती. मी ती पाहत असले की ती ओढणी ओढून घ्यायची. एकदा मीच म्हटलं, "लय लागलं का?"

"नखं नाई लागले." ती म्हणाली, "मले मालूम होतं की ते तू नाई, तुहा आजार बोलून राहिला. मी मैत्रिणींले पन तेच सांगत होती. तरी आई, रोज भेटीची वेळ झाली का माहे पाय पुढं नव्हते जात."

"मंग कशी येत होती?"

"बाबा म्हनायचे, तू गेली नाई तर ते चोट्टी कोनाले म्हनंन? बिचारीचं भांडनंच राहून जाईन."

आम्ही दोघी खूप हसलो. मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी तिच्या आखूड केसांतून बोटं फिरवत बसले. डाव्या अंगठ्याला अजून नीट संवेदना नव्हती, म्हणून उजव्या हातानं.

ज्यांचं माणूस आत आहे त्यांना

जखम लहान असली आणि सूज चढू लागली, थंडी वाजून ताप आला, माणूस विसंगत बोलू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. ते तुम्हाला शिव्या देईल, परकं म्हणेल. तरी जा, नाव सांगा, वार सांगा. त्याचा चष्मा, कानाचं यंत्र, दातांची कवळी घरी राहिली असेल तर आणा. औषधांबद्दल जे वाचाल ते डॉक्टरांना विचारा, आणि एखादे डॉक्टर "मला माहीत नाही" म्हणाले तर त्यांच्यावर रागावू नका. मला तरी त्या शब्दांनीच धीर आला. आणि बरं होऊन घरी आलेल्या माणसाला वेळ द्या. डोकं अंगापेक्षा सावकाश घरी येतं.

परत मोर्शी

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी घरी आले. आमचं घर तसं गडगडाटी. वसंतराव शेताच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारतात, मी तितक्याच जोरानं ओ देते. पण आता सगळे हळू बोलत होते. मी मीठ विसरले तर वसंतराव मुकाट्यानं मीठ घेत. किल्ली हरवली तर "सापडंन, सापडंन" म्हणत. मी एखादी गोष्ट दोनदा विचारली तर दोन्ही वेळा सारख्याच मायेनं उत्तर देत. त्या मायेनं मला गुदमरायला व्हायचं. वाटायचं, ह्यांनी मनातून मला कायमची आजारी ठरवून टाकलंय.

एक दिवस मी कपडे धुतले. त्यांचा सदरा साबणाच्या बादलीतून उचलला, तर खिशातून त्यांचा मोबाईल फरशीवर पडला. साबणाच्या फेसासकट.

वसंतराव बगिच्यातून आले. मोबाईल उचलला, झटकला, कानाला लावला. त्यातून पाणी गळालं.

"अवो, डोकं ठिकान्यावर हाय का तुहं?"

आणि ते थिजले. पूनम सुटीला आली होती, ती ताट हातात घेऊन दारात उभी राहिली. त्या घरात इतके महिने कोणी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. वसंतरावांचा चेहरा असा उतरला की जणू त्यांनीच मला काटा टोचला.

मी हात पुसले.

"हाय," मी म्हटलं. "माहं ठिकान्यावर हाय. मोबाईल खिशात ठेवून सदरा धुवाले कोन टाकते? तुमचं हाय का?"

मग त्यांचा आवाज पहिल्यासारखा वर चढला, "मंग खिसे कोन पाहीन? म्या?" आणि माझाही चढला. आम्ही असे भांडलो की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. पूनमनं ताट खाली ठेवलं आणि तोंडावर ओढणी दाबून हसत बसली. त्या दिवशी भांडण संपेपर्यंत जेवण गार झालं, आणि आम्ही ते तसंच जेवलो.